आधी तुलाच सांगेन

कॉलेजात तिला सगळे कानसेन म्हणत. गाण्याशी तिचा काडीचा संबंध नव्हता. पण कोणीही यावं, मन मोकळं करावं आणि हिनं ऐकत बसावं, ही तिची ख्याती. बसमध्ये शेजारी बसलेली अनोळखी बाईसुद्धा पुढचा थांबा येईपर्यंत हिला सुनेचं सगळं सांगून मोकळी व्हायची. हॉस्टेलात कोणाचं प्रेम मोडलं, कोणाचा विषय राहिला, कोणाचं घरच्यांशी वाजलं, की पावलं हिच्या खोलीकडे वळायची. ती मध्ये तोंड घालायची नाही, घड्याळाकडे बघायची नाही आणि या कानाचं त्या कानाला कळू द्यायची नाही.

घरीही तीच तऱ्हा. वडिलांचं चष्म्याचं दुकान होतं, आई घरी शिकवण्या घ्यायची, धाकटा भाऊ शाळेत शेवटच्या वर्षाला. 'आमची मोठी फार समजूतदार' हे आईनं शेजाऱ्यापाजाऱ्यांना इतक्या वेळा सांगितलं होतं, की लहानपणी तिला तेच आपलं नाव वाटायचं. समजूतदार मुलीनं हट्ट करायचा नसतो, दुखलं तरी फार बोभाटा करायचा नसतो आणि रडायचंच असेल तर बाथरूमचा नळ सोडून रडायचं असतं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिनं आपलं आपणच उचललं होतं.

कॉलेजच्या मुख्य इमारतीत जिन्याखाली एक खोली होती. पूर्वी तिथे खेळाचं सामान असे. भिंतींना फिका निळा रंग दिला, पडदा लावला, सोफा आणला, दारावर 'समुपदेशन केंद्र' अशी पाटी आली. तरी हवा जरा दमट झाली की जुन्या चेंडूंच्या रबराचा वास काही लपायचा नाही. खोली बरी होती आणि तिथल्या मॅडम तर फारच चांगल्या होत्या. पण तिकडे जायची वाट कँटीनसमोरून. तिकडे वळणाऱ्याला "काय रे, स्क्रू ढिला झाला का?" असं विचारल्याशिवाय कोणी सोडत नसे. त्यात एवढ्या मोठ्या कॉलेजला मॅडम एकट्या. म्हणून त्यांनी 'साथी' नावाची योजना काढली. विद्यार्थ्यांतलेच काही जण निवडायचे, त्यांनी मित्रमैत्रिणींचं ऐकायचं आणि गरज असेल त्याला हाताला धरून केंद्रापर्यंत आणायचं. पहिलं नाव कानसेनचं निघालं, यात कोणालाच नवल वाटलं नाही.

प्रशिक्षणात मॅडमनी बरंच काही सांगितलं, पण एका गोष्टीवर त्या पुन्हा पुन्हा येत राहिल्या. "कोणाच्या जिवाला धोका आहे असं नुसतं वाटलं, तरी ते स्वतःजवळ ठेवायचं नाही. त्याच पावली माझ्याकडे यायचं. आणि 'मी कोणाला सांगणार नाही' असं वचन आधी देऊन बसू नका. समोरचा कितीही जवळचा असला तरी."

कानसेननं मान डोलावली. यात अवघड ते काय, असंच तिला वाटलं.

मग पोस्टर निघालं. 'बोला, आम्ही ऐकतोय' आणि खाली कानसेनचा हसरा फोटो. जिन्याच्या प्रत्येक वळणावर ते लागलं. आईनं एक प्रत मागवून घेतली आणि वडिलांना दुकानात लावायला लावली. चष्मा करायला आलेल्या माणसानं नंबर तपासायच्या आधी आपल्या लेकीचं कौतुक वाचावं, अशी तिची इच्छा.

भोंगा हॉस्टेलात कानसेनच्याच मजल्यावर शेवटच्या खोलीत राहायची. एकटीची खोली, कारण तिच्या आवाजापुढे कोणी रूममेट टिकत नसे. ती बोलू लागली की तीन खोल्यांपलीकडची मुलगी "हळू!" म्हणून ओरडायची, म्हणून तिचं नाव भोंगा. नाटकाच्या ग्रुपमध्ये विनोदी काम म्हटलं की तीच. प्राचार्यांची नक्कल तर अशी करायची, की एकदा खुद्द प्राचार्य मागे उभे राहून हसले होते. जेवणाच्या हॉलमध्ये ती ज्या टेबलावर बसायची तिथे खुर्च्या कमी पडायच्या.

तर ही भोंगा एके दुपारी हॉस्टेलच्या गच्चीवर कानसेनला गाठायला आली. कानसेन वाळलेले कपडे काढत होती. दोऱ्यांवर चादरी होत्या, त्यांच्या आड कोणाला काही दिसत नव्हतं. भोंगा टाकीच्या सावलीत बसली आणि नेहमीचा कुठलाही विनोद न करता म्हणाली, "तुला एक सांगायचंय. पण आधी शपथ घे."

"कसली?"

"कोणाला सांगणार नाहीस. तुझ्या त्या मॅडमना तर नाहीच नाही. माझ्या गळ्याची शपथ घे."

"अगं, तसं आम्हाला..."

"मग राहू दे." भोंगा उठली. चादर बाजूला सारून निघालीसुद्धा.

कानसेनला वाटलं, एखादा मुलगा असेल. नाहीतर राहिलेला एखादा विषय घरी लपवला असेल. भोंगासारखी मुलगी दुसरं काय सांगणार? "बरं बाई, शपथ. बस खाली," ती म्हणाली.

भोंगा बसली. आणि कानसेननं कधीही ऐकला नव्हता अशा बारीक, सपाट आवाजात म्हणाली, "मला जगायचं नाहीये."

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, त्याचा पीं पीं आवाज येत राहिला.

"गंमत नाही करत मी. आज लगेच काही करणार आहे असं नाही. पण सकाळी डोळे उघडले की पहिल्यांदा हेच येतं मनात. अरे, आपण अजून आहोतच का? मग उठायचं, तोंड धुवायचं आणि सगळ्यांना हसवायचं. कारण विचारू नकोस. कारण असतं तर मीच उपटून फेकलं नसतं का?"

कानसेननं हातातला टॉवेल खाली ठेवला. तिनं प्रशिक्षणातलं सगळं आठवून आठवून म्हटलं, "आपण मॅडमकडे जाऊ. मी येते बरोबर. त्या खरंच चांगल्या आहेत."

"आणि त्या घरी कळवतील. घरी कळलं की कॉलेज बंद, नाटक बंद, मी पुन्हा त्या घरात. तुला माहीत नाही माझं घर." भोंगानं तिचा हात धरला. तिची बोटं गार होती. "तू शपथ घेतलीयस. तू सांगितलंस आणि मला इथून नेलं, तर मग मात्र मी खरंच करीन. तुझ्यामुळे करीन."

कानसेनला तेव्हाच कळायला हवं होतं की ती शपथ शपथच नव्हती. आत काय आहे ते न दाखवता गळ्यात अडकवलेला फास होता. पण समजूतदार मुलीनं दिलेला शब्द मोडायचा नसतो. शिवाय बोलून झाल्यावर भोंगा तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली आणि म्हणाली, "तुला सांगितलं, आता जरा बरं वाटतंय." त्या एका वाक्यानं कानसेन बांधली गेली. आपण आहोत तोवर हिला काही होणार नाही, असं तिला वाटून गेलं.

दुसऱ्या दिवसापासून टिंब सुरू झालं.

भोंगा मोबाइलवर नुसतं एक टिंब पाठवायची. त्यावर कानसेननं टिंब पाठवायचं. म्हणजे तू आहेस ना? आहे. एवढाच व्यवहार. सुरुवातीला सकाळ-संध्याकाळ. मग तासाला. मग वर्गात, जेवताना, बसमध्ये, केव्हाही. उत्तराला जरा उशीर झाला की पुढचा संदेश यायचा, 'बघ, तूही गेलीस.' कानसेन अंघोळीला जाताना फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्यायला लागली. साबणाच्या हातानं टिंब पाठवायची. फोन उशाखाली नाही, मुठीत धरून झोपायची. झोप अशी लागायचीच नाही म्हणा.

आणि भोंगा? ती जेवणाच्या हॉलमध्ये टेबल गाजवत असायची. खो खो हसणाऱ्या घोळक्यातून तिची नजर कानसेनला शोधायची आणि क्षणभर तिच्यावर टेकायची. त्या नजरेत काय असायचं हे एकट्या कानसेनला माहीत. कधी कधी तिच्या मनात यायचं, ही नाटक तर करत नसेल ना? नटीच ती. लगेच स्वतःचीच इतकी लाज वाटायची, की ती घाईघाईनं तिला टिंब पाठवायची, न मागता.

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी गत. सांगावं तर ती जीव देईल, न सांगावं तरी देईल. दोन्हीकडून दोष आपल्याच माथी.

साथींची बैठक दर आठवड्याला त्या जिन्याखालच्या खोलीत व्हायची. मॅडम प्रत्येकाला विचारायच्या, "कोणाची काळजी वाटतेय?" बाकीचे सांगायचे. कोणी परीक्षेला घाबरलेला, कोणी घरच्या आठवणीनं कासावीस. कानसेनची पाळी आली की ती खिशावर हात दाबून म्हणायची, "माझ्याकडे विशेष काही नाही, मॅडम." खिशात फोन थरथरत असायचा. मॅडम तिच्याकडे जरा जास्त वेळ बघायच्या. "तू वाळलीस गं. जेवतेस ना वेळेवर?"

"हो मॅडम. मी ठीक आहे."

बाहेर पडली की जिन्याच्या वळणावर तिचाच फोटो तिच्याकडे बघून हसायचा. ती नजर खाली घालून पायऱ्या चढायची.

एका रविवारी मावशीकडे जेवण होतं, म्हणून ती घरच्यांबरोबर तिकडे गेली. मावशीच्या मुलीला नोकरी लागली होती. माणसांनी घर भरलेलं, हसणं-खिदळणं, आणि प्रत्येक जण कानसेनला धरून विचारतोय, "तू म्हणे डॉक्टरीणबाई झालीस मनाची?" आई मध्येच सांगतेय, "पोस्टर लागलंय तिचं!" पानं मांडली गेली आणि टिंब आलं. तिनं उत्तर दिलं. पुन्हा आलं. पुन्हा दिलं. मग आलं, 'आज माझं काही खरं नाही.'

ती उठली आणि बाथरूममध्ये शिरली. कडी लावली, नळ सोडला. फोन लावला, भोंगा उचलेना. संदेश लिहिला, पुसला, लिहिला. 'काय झालं? कुठे आहेस? मी आहे ना. प्लीज.' बाहेरून भावानं दार वाजवलं, "ताई, झोपलीस का आत?" मग मावशीनं, मग आईनं.

"अगं, सगळे खोळंबलेत! बरं नाहीये का?"

"पोट दुखतंय," ती नळाच्या आवाजावरून ओरडली.

बऱ्याच वेळानं उत्तर आलं. 'झोप लागली होती.' कानसेन तिथेच फरशीवर बसली. समोर मावशीच्या घरातले सगळ्यांचे टूथब्रश एका पेल्यात उभे होते. ती ते बघत राहिली. दारापलीकडे माणसं होती, तिची स्वतःची माणसं, आणि त्यांच्यातल्या एकालाही हाक मारता येत नव्हती. दार तर तिनंच आतून लावलं होतं.

परत निघताना आई बसथांब्यापर्यंत आली. "तुझं काहीतरी बिनसलंय," ती म्हणाली. मग स्वतःच स्वतःची समजूत घालत म्हणाली, "पण तुला काय सांगायचं? तूच चारचौघांना समजावतेस." बस आली.

सोमवारी काँक्रीटच्या प्रयोगशाळेत तास होता. कानसेन स्थापत्य शाखेची. आधी ओतून पाण्यात ठेवलेले ठोकळे त्या दिवशी दाबयंत्रात घालून फोडायचे होते. किती भाराला तडा जातो ते पाहायचं. सर कडक. शिरतानाच सगळ्यांचे फोन काढून एका ट्रेमध्ये ठेवायला लावत. कानसेननं विनवलं, "सर, घरी आजारपण आहे."

"आजारी माणसाला इथून तू काय औषध देणार? ठेव."

तिनं ठेवला. यंत्र घरघरू लागलं. ठोकळ्यावर भार चढत होता, काटा सरकत होता, आणि पत्र्याच्या ट्रेमध्ये एक फोन थरथरत होता. तोच. थांबला. पुन्हा थरथरला. ट्रेचा पत्रा वाजत राहिला. मुलं हसायला लागली. "कोणाचा आहे रे तो?" सर म्हणाले, आणि तेवढ्यात ठोकळा धाडकन फुटला.

कानसेन किंचाळली. नुसती दचकली नाही, किंचाळली. अशी की सगळी प्रयोगशाळा तिच्याकडे वळली. मग तिनं ट्रेमधून फोन उचलला आणि ती धावत सुटली. सर मागून काय ओरडले ते तिच्या कानापर्यंत पोचलंच नाही. पाच मिस्ड कॉल, सगळे भोंगाचे. उलट लावला तर कोणी उचलत नव्हतं. मैदानातून, सायकलींच्या रांगेतून, हॉस्टेलच्या जिन्यावरून ती धावत गेली. तोंडात लोखंडाची चव आली होती. शेवटच्या खोलीचं दार बंद. तिनं दोन्ही हातांनी दार बडवलं.

दार उघडलं. भोंगाच्या तोंडाला हिरवा लेप फासलेला होता, केसांना टॉवेल.

"अगं! काय झालं? आग लागली की काय?"

"तू फोन... पाच वेळा..."

"हो, माझा निळा स्कार्फ तुझ्याकडे राहिलाय का विचारायचं होतं. संध्याकाळी तालीम आहे. मग तोंडाला हे फासलं, म्हणून उचलला नाही." भोंगानं तिच्याकडे नीट पाहिलं. "तू तर पांढरीफटक पडलीयस."

जीव भांड्यात पडायला हवा होता. कानसेनचा पडला नाही. ती दाराच्या चौकटीला टेकून खाली घसरली आणि थरथरू लागली. दात वाजत होते. भोंगा तिच्यासमोर उकिडवी बसली. लेपामुळे तिचा चेहरा हलत नव्हता, फक्त डोळे दिसत होते. त्या डोळ्यांत खरोखरीची माया होती. तिनं कानसेनचे केस मागे सारले.

"वेडी गं वेडी. इतकं टेन्शन नको घेऊ," ती मऊपणे म्हणाली. "आज नाही गं. ज्या दिवशी ठरेल ना, त्या दिवशी आधी तुलाच सांगेन."

कानसेनची थरथर थांबली.

आजवर ती समजत होती, आपण दारावरचे राखणदार आहोत. आपण जागं राहिलो, टिंबाला टिंब देत राहिलो, तर ती वेळ येणारच नाही. आणि इथे भोंगानं किती सहज, किती प्रेमानं सांगून टाकलं होतं, की ती वेळ येणार आहे आणि त्या वेळी कानसेननं ती बातमी ऐकून घ्यायची आहे. नेहमीसारखी. मध्ये न बोलता.

"स्कार्फ आहे माझ्याकडे," ती उठत म्हणाली. "आणते."

ती स्वतःच्या खोलीकडे गेली नाही. जिना उतरली आणि सरळ मुख्य इमारतीकडे चालू लागली. कँटीनसमोर कोणीतरी म्हणालं, "काय साथी, आज गिऱ्हाईक नाही सोबत?" ती चालत राहिली. केंद्राचं दार बंद होतं, आत कोणीतरी होतं. बाहेरच्या बाकावर ती बसली. खिशात टिंब आलं. तिनं उत्तर दिलं. दुसरं आलं, तेही दिलं. तीनदा उठून परत निघाली आणि तीनदा परत येऊन बसली. माझ्या गळ्याची शपथ. तुझ्यामुळे करीन.

दार उघडलं, डोळे पुसत एक मुलगा बाहेर पडला. त्याच्यामागे मॅडम. त्यांनी बाकाकडे पाहिलं आणि काही न विचारता दार उघडं धरलं.

आत गेल्यावर ती नेहमीच्या खुर्चीवर बसली. मॅडमनी पाणी दिलं. ती पाणी प्यायली. शेवटी पेला हातात फिरवत म्हणाली, "मी वचन दिलंय. ते मोडायला आलेय."

मग तिनं सांगितलं. मॅडम ओरडल्या नाहीत, 'आधी का नाही बोललीस' असंही म्हणाल्या नाहीत. नेमके प्रश्न विचारले. ती काय म्हणाली, कोणत्या शब्दांत म्हणाली, आत्ता कुठे आहे, खोलीत एकटी आहे का. बोलता बोलताच त्या उठल्या, हॉस्टेलच्या वॉर्डनला फोन लावला, "मी येईपर्यंत काहीतरी निमित्त काढून तिच्याजवळ बसा, एकटी सोडू नका," म्हणाल्या. पर्स घेतली आणि दारात वळून कानसेनला म्हणाल्या, "तू इथेच थांब. पुढचं आता मी बघते. हे तुझं काम नव्हतंच गं."

कानसेन त्या निळ्या खोलीत एकटी बसून राहिली. टिंब आलं. तिनं फोनकडे पाहिलं. पहिल्यांदाच तिनं मुद्दाम उत्तर दिलं नाही, आणि त्यानं तिला हलकं वगैरे काही वाटलं नाही. आपण कोणाचा तरी हात कड्यावर सोडून दिला आहे, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी भोंगाचे आईवडील आले. मॅडम त्यांच्याशी बराच वेळ बोलल्या. मानसोपचारतज्ज्ञांची वेळ त्यांनी आदल्या संध्याकाळीच घेऊन ठेवली होती. कानसेननं मनात रंगवले होते तसे आईवडील राक्षस नव्हते, देवमाणसंही नव्हती. बाप सारखा एकच वाक्य म्हणत होता, "पण ती तर किती हसरी आहे." आई नुसती ओढणीचं टोक पिळत होती.

भोंगा बॅग घेऊन जिना उतरली तेव्हा मजल्यावरच्या मुली दारादारांत उभ्या होत्या. कानसेन कठड्याशी. भोंगा तिच्यापाशी थांबली. डोळे सुजलेले, पण आवाज पूर्वीसारखा खणखणीत, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"मला उगाच भोंगा म्हणतात," ती म्हणाली. "खरा भोंगा तर तू निघालीस."

आणि गेली.

त्यानंतर कानसेनच्या खोलीकडे कोणी फिरकेना. ती जेवणाच्या हॉलमध्ये शिरली की बोलणी थांबायची, चमचे तेवढे वाजत राहायचे. "हिला काही सांगू नका गं, उद्या तुमचे आईबाप दारात," असं कोणीतरी मुद्दाम मोठ्यानं म्हणालं. तिला खरं तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. कान मोकळे, फोन मुका. पण हाताची मूठ आपोआप वळायची. अंघोळीला जाताना ती अजूनही प्लास्टिकची पिशवी शोधायची. घास तोंडात फिरायचा, गिळवायचा नाही. भोंगा जिवंत आहे, उपचार चालू आहेत, एवढं मॅडमनी सांगितलं होतं. त्यापलीकडे सांगणं त्यांच्या कामात बसत नव्हतं. मग ती मनाशीच सगळं रंगवत बसायची, आणि रंगवलेलं कधी चांगलं नसायचं.

मॅडमनी तिला साथींच्या कामातून रजा दिली. "आता तू माझ्याकडे ये. तुझ्यासाठी," त्या म्हणाल्या.

"मी ठीक आहे, मॅडम."

"हे वाक्य तू इतक्या सफाईनं म्हणतेस, की माझा त्यावरचा विश्वासच उडालाय."

गेली ती अखेर. नेहमी बैठकीला बसायची ती खुर्ची सोडून त्यांनी तिला सोफ्यावर बसवलं. बसल्या बसल्या तिच्या तोंडून निघालं, "तुम्ही दमल्यासारख्या दिसताय. खूप जण येतात का हल्ली?"

मॅडम हसल्या. "येतात. पण आत्ता मी तुझ्यासाठी आहे."

तिनं पडद्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या नखांकडे. दुसऱ्यांचं ऐकताना वेळ कसा भुर्रकन जायचा; स्वतःवर आली तर घड्याळाचा काटा चिकटून बसला. पहिल्या खेपेला ती जवळजवळ काहीच बोलली नाही. दुसऱ्या खेपेला म्हणाली, "मला तिचा राग येतो." आणि घाबरून दाराकडे पाहिलं, जणू कोणी ऐकलं. तिसऱ्या खेपेला नळ न सोडता रडली.

नव्या सत्रात भोंगा परतली. हॉस्टेलात नाही, गावातच एका आत्याकडे राहून ये-जा करायची. बारीक झाली होती. कानसेन समोर आली की ती वाट बदलायची. नाटकात तिनं काम घेतलं नाही. एकदा मात्र कानसेन वाचनालयातून बाहेर पडत होती, तेव्हा कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाकडून ते हसू आलं, भिंती हलवणारं. कानसेन पुस्तकं छातीशी धरून उभी राहिली. हे हसू खरं आहे की जेवणाच्या हॉलमधलं, ते तिला ओळखता आलं नाही. आणि ओळखणं आता आपल्याकडे नाही, हे ती स्वतःला सांगत राहिली, पुन्हा पुन्हा, पुढच्या तासाची घंटा होईपर्यंत.

त्याच संध्याकाळी आईचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, भावाची परीक्षा झाली, आणि मग आई म्हणाली, "अगं, शेजारच्या काकूंची मुलगी आहे ना, ती हल्ली खोलीतून बाहेरच येत नाही. कोणाशी बोलत नाही. मी त्यांना म्हटलं, आमची मोठी बोलेल तिच्याशी. देऊ का तुझा नंबर?"

कानसेन हॉस्टेलच्या व्हरांड्यात उभी होती. खाली मुली बॅडमिंटन खेळत होत्या.

"नको, आई."

"म्हणजे?"

"मला नाही जमणार. काकूंना सांग, एखाद्या समुपदेशकाकडे घेऊन जा म्हणावं. मी मॅडमना विचारून नाव कळवते. पण माझा नंबर देऊ नकोस."

समजूतदार मुलीनं कधी नाही म्हटल्याचं आईला तरी कुठे आठवत असणार? कानसेननं डोळे मिटले. आता आई म्हणेल, अशी कशी गं तू. आता म्हणेल, मी शब्द देऊन बसलेय.

"तू जेवलीस का?" आईनं विचारलं.

'हो' ओठांवर आलंच होतं.

"नाही," ती म्हणाली. "जेवण जात नाही गं, आई. किती दिवस झाले."

फोनमधून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. आई बसली होती. "अगं, मग बोलली का नाहीस?" ती म्हणाली, आणि मग, "बरं. आता सांग."